डिमेन्शियाच्या पेशंटसाठी टीम कशी जमवायची: कोण, कधी आणि कुठल्या क्रमानं

अल्झायमर किंवा कुठल्याही डिमेन्शियाबद्दल (विसरणं वाढत जाऊन रोजची कामं जमेनाशी होतात तो आजार) वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास येतं, हे एका डॉक्टरचं काम नाही, याला मल्टिडिसिप्लिनरी टीम लागते. खरंच लागते. पण न्यूरॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, डाएटिशियन, सोशल वर्कर, नर्स अशी लांबलचक यादी वाचून माणूस आणखीच घाबरतो, कारण ही एवढी वरात आणायची कुठून आणि पैसे कोण देणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे सगळे वेगवेगळ्या बिल्डिंगमधे बसतात, एकानं काय सांगितलं ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, आणि टीम म्हणजे शेवटी घरातल्या एका माणसाच्या काखेतली फुगलेली प्लास्टिकची पिशवी. हा लेख त्या पिशवीवाल्या माणसासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. सासूबाईंचं आजारपण घरी निभावलं आणि आता पुण्यातल्या एका केअरगिव्हर ग्रुपमधे नव्यानं आलेल्या लोकांशी बोलते, त्यातनं साठलेलं हे. औषधांचे डोस इथे मिळणार नाहीत, क्रम मिळेल. कारण डॉक्टर मिळतात हो, गडबड होते ती क्रमात. लोक पहिल्याच दिवशी मोठ्या न्यूरॉलॉजिस्टकडे जातात, एमआरआय काढतात, गोळी चालू होते, आणि मग कोणाकडेच जात नाहीत ते थेट बाथरूममधे पडून खुब्याचं हाड मोडेपर्यंत. २०२३ मधे प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशभरातल्या वयस्कर लोकांच्या अभ्यासाचा अंदाज असा की देशात साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. तेव्हा तुम्ही एकटे नाही, शेजारच्या विंगमधे पण कोणीतरी असणार, फक्त ते बोलत नाहीत.

आधी घरातला एक माणूस ठरवा

अमेरिकेत मेडिकेअरनं (म्हणजे वयस्करांच्या सरकारी आरोग्य विम्यानं) जुलै २०२४ पासून गाईड नावाची योजना सुरू केली, त्यात डिमेन्शियाच्या घराला एक केअर नॅव्हिगेटर मिळतो, म्हणजे कुठल्या डॉक्टरकडे कधी जायचं, घरी काय सोय करायची, हे सगळं जुळवून देणारा पगारी माणूस. आपल्याकडे हेच काम बिनपगारी होतं आणि बहुतेक घरांत ते सुनेच्या नाहीतर मुलीच्या गळ्यात पडतं.

पडू देत, पण ठरवून पडू देत. घरच्या सगळ्यांनी एकदा बसून (किंवा व्हिडिओ कॉलवर) स्पष्ट सांगायचं, की डॉक्टरांशी बोलणार ती ही व्यक्ती, फाईल हिच्याकडे, हिनं सांगितलं की औषध बदललं तर बदललं. नाहीतर काय होतं, नाशिकहून नणंद येते, तिच्या ओळखीच्या डॉक्टरांचं काढ्याचं पाकीट चालू करते, ती गेल्यावर कोणाला आठवतच नाही की जुलाब नक्की कशानं लागले.

आणि शक्य असेल तर जो माणूस रोज आंघोळ घालतो, भरवतो, त्याच्यावरच फाईलसुद्धा टाकू नका. फाईलचं काम लांबून होतं. आमच्याकडे न्यू जर्सीतल्या दिराकडे औषधांची ऑनलाईन ऑर्डर, अपॉइंटमेंट घेणं, रिपोर्ट स्कॅन करून ड्राईव्हवर टाकणं आणि इन्शुरन्सवाल्यांशी भांडणं एवढं दिलं होतं, आणि त्यानं ते मनापासून केलं. लांबच्या भावाबहिणींना काम दिलं नाही की ते सल्ले देतात.

निदान: सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून

विसरायला होणं म्हणजे लगेच अल्झायमर नव्हे आणि "वय झालं, चालायचंच" हे पण नव्हे. फॅमिली डॉक्टरकडे जाताना एक कागद घेऊन जा, त्यावर घडलेले प्रसंग लिहा, मतं नकोत. "आई विसरते" यातून डॉक्टरला काही कळत नाही. "गेल्या दिवाळीपासून चकलीचं प्रमाण विचारते, आधी कधी विचारलं नव्हतं, भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले, बँकेत सही जमली नाही, मंदिरातून परत येताना रस्ता चुकली" यातून कळतं. सुरुवात हळूहळू झाली की एकदम, हे जरूर सांगा. एकदम झाली असेल तर दिशाच वेगळी असते.

फॅमिली डॉक्टर रक्ताच्या तपासण्या सांगतील: सीबीसी, बी१२, थायरॉईडसाठी टीएसएच, शुगर, सोडियम, कॅल्शियम, किडनी, लिव्हर, आणि गरज वाटली तर व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), एचआयव्ही. यातलं बी१२ आपल्याकडे फार महत्त्वाचं, कारण पूर्ण शाकाहारी माणसांत ते कमी असतं, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांत आणखी कमी होतं. थायरॉईड कमी, बी१२ कमी, सोडियम घसरलेलं, डिप्रेशन, यातलं काहीही असलं तरी माणूस विसराळू दिसतो आणि उपचारानं बराच सुधारू शकतो. तसंच एमआरआय किंवा सीटी हवंच, त्यात जुने छोटे स्ट्रोक दिसतात, पडल्यानंतर डोक्यात साठलेलं रक्त दिसतं, आणि डोक्यात पाणी वाढल्याचं दिसतं. या शेवटच्या प्रकारात विसरण्याबरोबर लघवी कपड्यात होते आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, ती खूण डॉक्टरांना सांगा, कारण काही पेशंटना ऑपरेशननं फरक पडतो.

दुसरं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, सर्दीची, झोपेची, खाजेची, लघवीची, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली सुद्धा. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, लघवी रोखण्याच्या काही गोळ्या, ट्रायहेक्सीफेनिडिल, ही औषधं म्हाताऱ्या मेंदूला गुंगवतात. आमच्या वेळी जेरियाट्रिशियन (म्हाताऱ्या माणसांच्या आजारांच्या डॉक्टर) बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली, चष्मा वर सरकवून एकेक पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आतलं औषध एकच, एक हार्टवाल्यांनी दिलेलं आणि एक मेडिसिनवाल्यांनी. ती पाच मिनिटं मला पुढच्या एमआरआयपेक्षा जास्त कामाची वाटतात.

मग स्पेशालिस्ट कोणता? न्यूरॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिस्ट आणि जेरियाट्रिशियन, तिघंही डिमेन्शियाचं निदान करू शकतात, यात उच्चनीच काही नाही. वय पासष्टच्या आत असेल, आजार झपाट्यानं वाढत असेल, हातपाय कापत असतील, तर न्यूरॉलॉजिस्ट. संशय, भास, उदासी जास्त असेल तर सायकिॲट्रिस्ट, आणि "लोक काय म्हणतील" चुलीत गेलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, त्यात बीपी, शुगर, गुडघे, हार्ट सगळंच असेल तर जेरियाट्रिशियन, पण ते मोठ्या शहरांतच सापडतात. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून अशा ठिकाणी न्यूरॉलॉजी, मानसोपचार आणि फिजिओ एकाच आवारात मिळतात. रांग मोठी असते, पण एका पेपरवर सगळे लिहितात हा फायदा प्रायव्हेटमधे पैसे देऊनही मिळत नाही. छोट्या गावात असाल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीपासून सुरुवात करा.

सायकॉलॉजिस्टची टेस्ट का करायची

ओपीडीत होते ती छोटी टेस्ट, तीस मार्कांची, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा वगैरे. ती फक्त चाळणी आहे. शिकलेला माणूस त्यात छान मार्क मिळवून जातो आणि कधीच शाळेत न गेलेली आजी चांगली असूनही नापास होते. नीट टेस्ट न्यूरोसायकॉलॉजिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, तिला दीड-दोन तास लागतात, आणि स्मरण, भाषा, लक्ष, नियोजन यातलं काय गेलंय आणि काय शाबूत आहे हे त्यातून कळतं. शाबूत काय आहे हे कळणं सगळ्यात उपयोगाचं, कारण पुढची सगळी दिनचर्या त्याच्यावर उभी करायची असते.

जाताना चष्मा, कानातलं मशीन आणि दातांची कवळी घालून न्या, सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून जा. आणि पेशंट घरात ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत टेस्ट होणार का हे फोनवरच विचारा. घरात मालवणी नाहीतर अहिराणी बोलणाऱ्या माणसाला इंग्रजी प्रश्नांचा मराठी तर्जुमा करून विचारला की अर्धे मार्क तिथेच जातात.

निदान झाल्यावर विचारायचं काय

बहुतेक लोक "बरं होईल का" एवढंच विचारून बाहेर येतात. त्याऐवजी हे विचारा: डिमेन्शिया कुठल्या प्रकारचा, कुठल्या टप्प्याला, गोळीनं नक्की काय अपेक्षित आहे, आणि ती किती दिवसांनी उपयोगाची नाही असं समजायचं. प्रकार माहीत असणं का महत्त्वाचं, तर लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची इंजेक्शनं फार घातक ठरू शकतात. ते फाईलवर लाल पेननं लिहिलेलं असलं पाहिजे, कारण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर असतो आणि त्याच्यासमोर एक चिडलेला म्हातारा माणूस असतो, बाकी काही माहीत नसतं.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही नेहमीची औषधं. त्यांनी आजार थांबत नाही, काही जणांत काही काळ थोडी मदत होते, एवढंच. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं, विचित्र स्वप्नं पडणं हे झालं तर कळवायचं, आपल्या मनानं बंद करायचं नाही. लोक नव्या इंजेक्शनांचं विचारतात. लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मधे पूर्ण मंजुरी मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मधे. ती फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, मेंदूत अमायलॉईड (अल्झायमरमधे साठणारं प्रोटीन) असल्याचं तपासणीत दिसलं तरच देतात, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे बघायला परत परत एमआरआय लागतो, आणि आजार उलटा फिरत नाही, त्याचा वेग जरा कमी होतो. शेत विकून करायची गोष्ट ती नव्हे असं मी तरी सांगते.

कागदपत्रं, पेशंटला कळतंय तोवर

हे लोक नेहमी शेवटी ठेवतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडच्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं नेमकं त्याच दिवशी ते कामाचं राहत नाही. मग घर विकायचं किंवा एफडी मोडायची म्हटली की पालकत्वासाठी कोर्टात, बऱ्याचदा थेट हायकोर्टात, जावं लागतं. म्हणून टीममधे वकील पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घ्या. मृत्युपत्र करताना "समजून उमजून सही केली" असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच दिवशीचं घ्या. खाती जॉइंट करा, सगळीकडे नॉमिनी आहे का बघा. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनही होतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. व्हेंटिलेटर वगैरेबद्दल वेगळं वैद्यकीय इच्छापत्र असतं. सुप्रीम कोर्टानं २०२३ मधे ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढं पुरतं.

पैशाचं सांगायचं तर सत्तरी पार केलेल्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांचं कव्हर ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, पण ते ॲडमिट झाल्यावरच, घरच्या मावशींचा पगार त्यात बसत नाही. धर्मादाय हॉस्पिटलांत गरीब आणि दुर्बल घटकांसाठी १० - १० टक्के खाटा राखीव असतात, त्याची चौकशी तिथल्या सोशल वर्करकडे करा, सरकारी दवाखान्यात त्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात. टीममधला हा सगळ्यात दुर्लक्षित माणूस, आणि कुठल्या खिडकीवर कोणता फॉर्म मिळतो हे फक्त त्यालाच माहीत असतं.

एक पान, सगळ्यांसाठी

जाड फाईल कोणी वाचत नाही. एकच पान करा, टाईप करून, आणि प्रत्येक डॉक्टरच्या हातात पहिलं तेच द्या. त्यावर:

- नाव, वय, बोलायची भाषा, निदान आणि प्रकार, कधी झालं
- बाकीचे आजार, ॲलर्जी, "हे औषध देऊ नये" ही ओळ लाल अक्षरांत
- चालू औषधं, आतल्या औषधाच्या नावानं, कुणी दिलं आणि कशासाठी
- एरवी कशी असते: स्वतः जेवते का, चालते का, माणसं ओळखते का
- कशानं शांत होते (आमच्याकडे: "माई" म्हणून हाक मारणे, हातात जपमाळ देणे)
- कोऑर्डिनेटरचा, म्हणजे डॉक्टरांशी बोलायला ठरवलेल्या घरातल्या माणसाचा फोन

"एरवी कशी असते" ही ओळ गाळू नका. ॲडमिट केल्यावर डॉक्टरांना वाटतं हे पहिल्यापासूनच असं असणार, आणि कालपर्यंत स्वतः चहा पिणारा माणूस आज गुंगीत आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. औषध बदललं की त्याच दिवशी पान बदलायचं, तारीख टाकायची आणि जुनं फाडून टाकायचं.

थेरपिस्ट लोक: घर बघायला बोलवा

ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे नोकरी लावून देणारे नव्हेत, हे आधी मला पण माहीत नव्हतं. रोजची कामं, म्हणजे कपडे घालणं, संडासला जाणं, जेवणं, ही माणसाला जमेल तेवढी स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून काम आणि घर दोन्ही बदलून देणारी ही मंडळी. केईएम, सायन, नायर आणि नागपूरच्या मेडिकलमधे तर याचं शिक्षणच चालतं. क्लिनिकमधे जाण्यापेक्षा एकदा घरी बोलवा, पैसे वसूल होतात.

आमच्याकडे सासूबाई बाथरूमच्या दाराशी येऊन अडायच्या, आत जायलाच तयार नसायच्या, ओढलं की ओरडायच्या, आणि सगळ्यांना वाटायचं आंघोळीचा कंटाळा. थेरपिस्ट मुलगी आली, दारात उभी राहिली, खाली वाकली आणि तिथलं काळं पायपुसणं उचलून बाजूला ठेवलं. फिक्या फरशीवरचा तो काळा चौकोन त्यांना खड्डा दिसत होता. मग तिनं कमोडच्या बाजूला गडद निळा बार लावायला सांगितला, कारण पांढऱ्या टाईल्सवर पांढरा बार दिसतच नाही, बादलीच्या जागी स्टूल आणि हँडशॉवर, शॉवर आधी पायांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. संडासच्या दारावर चित्र आणि रात्रभर छोटा दिवा. ताट पांढरं आणि भात पण पांढरा असेल तर भात दिसत नाही म्हणून जेवत नाहीत, म्हणून रंगीत ताट. यात औषध एकही नाही.

फिजिओ सुरुवातीपासून हवा, पडल्यावर नव्हे. उठून उभं राहणं, तोल सांभाळणं, रोजचं चालणं, एवढंच पण नेमानं. व्यायाम म्हणून करत नसतील तर देवाला प्रदक्षिणा घालायला लावा, खालच्या बागेतून तुळस आणायला न्या, चालल्याशी मतलब.

कान आणि डोळे तपासणं म्हणजे फावल्या वेळेतलं काम समजू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशननं २०२४ मधे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या पण टाळता किंवा कमी करता येतील अशा १४ गोष्टी सांगितल्या, त्यात ऐकू कमी येणं आणि नजर कमी होणं दोन्ही आहेत. आणि आजार झाल्यावरही, ऐकूच आलं नाही तर माणूस चुकीचं उत्तर देतो आणि आपण म्हणतो डोकं गेलं. मोतीबिंदू असेल तर न्यूरॉलॉजिस्ट आणि आयसर्जन यांचं बोलणं करून ऑपरेशन लवकर उरकलेलं बरं, पुढे डोळ्यावरची पट्टी ओढून काढतात.

स्पीच थेरपिस्टचं नाव ऐकून लोक म्हणतात आता बोलायला शिकवून काय उपयोग. अहो, गिळण्याचं काम त्यांचंच आहे. जेवताना खोकला येणं, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा होणं, घास गालात धरून बसणं, परत परत ताप येणं, यातलं काही दिसलं की त्यांना दाखवा, कारण अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. साधारण नियम असा की पातळ पाणी आणि चहा गिळायला सगळ्यात अवघड, आणि दोन प्रकार एकत्र असलेलं त्याहून अवघड, म्हणजे ताकातल्या लाह्या, पातळ आमटीतला मोकळा भात. दाटसर पेज, मऊ एकजीव खिचडी, खीर हे बरं. कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाण्याची चटणी बंद. ताठ बसवून भरवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. वजन दर महिन्याला त्या पानामागे लिहीत जा, कमी व्हायला लागलं की डाएटिशियन.

चिडणं, संशय, रात्रीचा जागर

"सुनेनं माझ्या बांगड्या चोरल्या" हे ऐकायची तयारी ठेवा. वाद घालू नका, शोधायला मदत करा, आणि मनाला लावून घेऊ नका (बोलायला सोपं आहे, मला माहीत आहे).

इथे एक नियम पाठ करा. बदल काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झाला असेल तर तो डिमेन्शिया वाढल्यामुळे नसतो बहुतेक, त्याला डेलिरियम म्हणतात, आणि कारण शरीरात असतं: लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ, सोडियम कमी, चार दिवस पोट साफ नाही, नवीन गोळी, कुठेतरी दुखतंय. त्याला आधी फॅमिली डॉक्टर आणि त्याच दिवशी. बदल हळूहळू, आठवडे-महिन्यांत झाला असेल तर सायकिॲट्रिस्ट.

सायकिॲट्रिस्ट शांत करायची गोळी देतील, कधी कधी ती लागतेच. पण क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या गटाबद्दल डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमधे मृत्यूचं प्रमाण वाढतं असा इशारा अमेरिकन एफडीएनं (तिथल्या औषध नियंत्रक संस्थेनं) २००५ मधेच दिलाय, त्यामुळे तीन गोष्टी विचारल्याशिवाय उठू नका: नक्की कुठल्या वागण्यासाठी, किती आठवडे, आणि कमी कधी करायची. डॉक्टर चांगले असतील तर त्यांना राग येत नाही. एका हॉस्पिटलात असं विचारल्यावर "तुम्ही डॉक्टर का मी" हे उत्तर मिळालं होतं, आम्ही डॉक्टर बदलले.

मावशी, वॉचमन, मेडिकलवाला

कागदावरच्या टीममधे नसलेली पण रोज हजर असलेली ही टीम. ब्यूरोकडून माणूस घेताना आधी ठरवा, तुम्हाला नर्स हवी का मदतनीस. कॅथेटर, इन्सुलिन, नळीनं भरवणं असेल तर शिकलेली नर्स, नाहीतर प्रेमानं करणारी मावशी पुरते. पोलीस व्हेरिफिकेशन करा, सुट्टीचा दिवस पहिल्याच दिवशी ठरवा, आणि फिजिओ किंवा थेरपिस्ट येतील तेव्हा मावशींना समोर बसवा, कारण दिवसभर करणार त्याच आहेत. झोप, शी, जेवण, चिडचिड याची रोज एक ओळ वहीत लिहायला सांगा, लिहिता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज. डॉक्टर त्या वहीवर औषध बदलतात, आपल्या आठवणीवर नव्हे.

वॉचमन, रिक्षा स्टँड, वाणी यांना फोटो दाखवून सांगून ठेवा की आजी एकट्या दिसल्या तर फोन करा. लपवाछपवीचा इथे तोटाच होतो. गळ्यात किंवा हातात नाव-फोनचं लॉकेट, परकराच्या नाडीला शिवलेली चिठ्ठी, सगळं चालतं. हरवल्या तर आधी जुन्या घराच्या, माहेरच्या, नेहमीच्या देवळाच्या दिशेनं बघा, आणि तासभर शोधून मग पोलीस असं न करता लगेच ११२.

सांभाळणाऱ्याचं काय

तुमचं बीपी, तुमची झोप, तुमचं चिडून ओरडणं हे पण टीमच्या मीटिंगमधे बोलायचे विषय आहेत. सायकॉलॉजिस्टकडे तुमच्यासाठी वेगळी वेळ घ्या. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ही संस्था १९९२ पासून आहे, तिच्या शाखांकडे सपोर्ट ग्रुपची चौकशी करा, मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्था डे केअरचं काम करतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर (१४४१६) मराठीत बोलता येतं, ज्येष्ठांसाठीची एल्डर लाईन १४५६७. आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर कॅलेंडरमधे लिहून टाका. "लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला वार आणि वेळ सांगायची.

दर तीन महिन्यांनी, आणि शेवटचा टप्पा

सगळ्या डॉक्टरांना एका खोलीत आणणं आपल्याकडे जमत नाही, पण त्यातले एक मुख्य ठरवता येतात. शक्यतो घराजवळचे फॅमिली डॉक्टर, कारण तेच फोन उचलतात. दर तीन महिन्यांनी ते एक पान आणि वही घेऊन त्यांच्याकडे बसायचं, प्रत्येक गोळी अजून हवी का विचारायचं, आणि बाकीच्यांनी काय बदललं ते त्यांच्या डोळ्याखालून घालायचं.

माणूस अंथरुणाला खिळला, बोलणं थांबलं, की टीम लहान करायची. न्यूरॉलॉजिस्टच्या फेऱ्या कमी, पॅलिएटिव्ह केअरचे (म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणारे) डॉक्टर आणि घरी येणारी नर्स जास्त. कूस दर दोन तासांनी बदलणं, पाठीवर लाल डाग दिसतो का बघणं, तोंड स्वच्छ ठेवणं, दुखतंय का हे चेहऱ्यावरून ओळखणं हे मुख्य. नाकातून नळी घालायची का हा प्रश्न येतोच. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही, उलट ती ओढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते. म्हणून बहुतेक तज्ज्ञ हातानं, हळूहळू, जेवढं घेईल तेवढंच भरवा म्हणतात. नातेवाईक "उपाशी मारताय" म्हणतील, तेव्हा पॅलिएटिव्ह डॉक्टरांनाच त्यांच्याशी फोनवर बोलायला सांगा.

घरीच शेवट व्हावा असं ठरलं असेल तर फॅमिली डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारून ठेवा की मृत्यूचं सर्टिफिकेट तुम्ही द्याल का, रात्री-अपरात्री याल का. ते बाहेरगावी असले तर दुसरे कोण, त्यांचाही नंबर घेऊन ठेवा, आणि त्यांनी पेशंटला अलीकडे एकदा तरी तपासलेलं असू देत. न पाहिलेल्या माणसाचं सर्टिफिकेट कोणी डॉक्टर देत नाही, आणि मग नेमक्या त्या वेळी ॲम्ब्युलन्स, कॅज्युअल्टी आणि पोलीस चौकी करत बसावं लागतं.